सर्वपित्रीची विमानं

११ सप्टेंबर, गुरुवार

दूध संघ दरवर्षी एक डायरी देतो आणि दरवर्षी ती कोरीच रद्दीत जाते. यंदा लिहायला काढली. घरात आम्ही तिघं आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. कुणाशी तरी बोलायचं तर हीच बरी, निदान उलट उत्तर देत नाही.

सकाळी घराला लागून असलेल्या माझ्या संकलन केंद्रावर दूध घालायला रांग लागली होती, तेवढ्यात ग्रामपंचायतीचा भोंगा सुरू झाला. एकवीस तारखेला, रविवारी, शेजारच्या लष्करी धावपट्टीवर वायुदलाच्या विमानांच्या कसरती आहेत, सर्वांनी बघायला यावं. इथवर ठीक. पुढं म्हणे, त्या दिवशी शो संपेपर्यंत कुणीही छपरावर, गच्चीवर किंवा उकिरड्यावर अन्न टाकू नये, पक्षी जमले तर विमानाला धोका. लोकांनी माना डोलावल्या आणि किटल्या पुढं सरकवल्या. मग आबासाहेबाच्या डोक्यात उजेड पडला. हा माझा थोरला चुलत भाऊ, गावातल्या कुठल्याही मयतीला सगळ्यांत पुढं असणारा. म्हणाला, "आरं, एकवीसला तर सर्वपित्री हाय."

मग जो गलका झाला तो विचारू नका. वर्षभर ज्या कावळ्याला दगड मारतो त्याला एक दिवस पानात वाढायचं, आणि नेमकी त्याच दिवशी त्याला गावबंदी. मीही हसलो. हसण्याच्या नादात म्हशीचं दूध गायीच्या कॅनमध्ये ओतलं.

आमच्या घरात आता पान वाढायचं ते ओमला. माझा मुलगा. बापानं पोराला पितर म्हणून जेवू घालायचं, हे लिहितानासुद्धा हात अडखळतो. वायुदलात हेलिकॉप्टरवर टेक्निशियन होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत पहाडात धुक्यामुळं हेलिकॉप्टर कोसळलं. पेटी बंद आली आणि बंदच चितेवर गेली. त्याचं तोंड आम्ही पाहिलं नाही.

केंद्रासमोरच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसतो. कावळे सगळे सारखेच दिसतात एवढं मला कळतं. पण हा तोच आहे, दहाव्याला उतरलेला.

१३ सप्टेंबर, शनिवार

जेवताना लेकीनं, धनश्रीनं, बॉम्ब टाकला. वायुदलातल्या अधिकाऱ्यांची लेखी परीक्षा ती पास झालीय आणि महिनाअखेरीला म्हैसूरला मुलाखत आहे. परीक्षा कधी दिली, अभ्यास कधी केला, मला कशाचाच पत्ता नाही. ओमपेक्षा चार वर्षांनी लहान. बी.एस्सी. झाली तेव्हा मला वाटलं होतं, आता शाळेत कुठं तरी चिकटेल. मी नाही म्हटलं. ताटावरून उठलोही, पण भूक होती म्हणून परत बसलो.

तिनं आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. शांतपणे म्हणाली, "आप्पा, तुम्ही हो म्हणेपर्यंत मी जाणार नाही. रुसून तर मुळीच जाणार नाही. पण नाही का, ते मला तुमच्या तोंडानं सांगा. कावळ्याच्या नको."

कावळ्याचं तिलाही माहीत आहे, गावालाही माहीत आहे. तरी एकदा लिहून ठेवतो.

ओमच्या दहाव्याला सीना नदीच्या काठावर ही गर्दी होती. भाषणं झाली, पिंड ठेवला, सगळे मागं सरले. समोर बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. आबासाहेब हात जोडून पुढं झाला आणि एकेक सांगू लागला. आई-बापाला अंतर देणार नाही. तुझ्या नावानं गावात कमान बांधू. तुझ्या मित्रांना काही कमी पडू देणार नाही. लोक आपापलं काय काय सुचवत होते. ऊन डोक्यावर आलं, माणसं घड्याळं बघू लागली. कुणी तरी हळूच म्हणालं, दर्भाचा कावळा करा आणि आटपा. तेव्हा मी पुढं गेलो. ठरवून गेलो नव्हतो. मोठ्यानं म्हणालो, "बाळा, धनूला न्हाई पाठवनार. ती जमिनीवरच राहील." आणि कावळा उतरला. एकच. पिंडावर चोच मारली आणि उडाला.

अख्ख्या गावानं पाहिलं. आता तो शब्द मी कसा मोडू. मेलेल्या पोराला दिलेला शब्द आहे.

 तिची आई भाजी वाढत राहिली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

विमानांचा सराव सुरू झालाय. आधी काहीच नसतं, मग एकदम पत्रे थरथरतात, आणि वर बघेपर्यंत ते पार डोंगरापलीकडं गेलेलं असतं. म्हशी पान्हा चोरतायत. सगळं गाव तक्रार घेऊन माझ्याकडं, जसा काय विमानं मीच उडवतोय.

हेलिकॉप्टर मात्र सावकाश येतं. त्याचा आवाज लांबून सुरू होतो आणि जवळ येत राहतो. तो आला की मी दूध गार करायच्या खोलीत जातो. तिथल्या मशीनच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. मला रक्तदाबाचा त्रास आहे, डॉक्टरांनी आवाज टाळायला सांगितलंय.

ओमच्या आईचं वेगळंच. विमान आलं की हातातलं टाकून ती अंगणात येते, डोक्यावर पदर घेते आणि आवाज जाईपर्यंत उभी राहते. बिचारीला धसका बसलाय. आबासाहेबाच्या बायकोनं तिला मध्यंतरी धनश्रीची आई म्हणून हाक मारायला सुरुवात केली होती, तिला बरं वाटावं म्हणून. हिनं ओ दिली नाही. मग पुन्हा ओमची आई म्हटल्यावर लगेच वळली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या वाटतं. सकाळी खुराड्यात अंडीच सापडत नाहीत. हरभरेही भिजत घातलेले दिसतात आणि ताटात कधी येत नाहीत. ओमच्या आईला विचारलं तर म्हणाली, मुंगूस फिरतंय. मुंगूस हरभरे कधीपासून खायला लागलं, असं विचारणार होतो, पण टेम्पो आला.

धनश्री पहाटेच मैत्रिणीकडं जाते आणि घामाघूम होऊन परत येते. मैत्रिणीचं घर चढावर आहे.

दुपारी ग्रामपंचायतीचा माणूस आला होता. रविवारी कावळे हुसकायला धावपट्टीच्या कडेनं फटाके घेऊन उभं राहायला माणसं पाहिजेत, म्हणून माझं नाव घालू का, असं विचारत होता. मी त्याला असा झापला की चहा अर्धा टाकून गेला. नंतर वाईट वाटलं. त्याला काय माहीत. सर्वपित्रीला कावळ्याच्या अंगावर फटाका टाकायचा, आणि तो मी!

टाकीवरचा आज सबंध दिवस हलला नाही. मी खिडकी लावून घेतली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शोचे पास आले. ज्यांची माणसं गेली त्यांना पुढं मांडवात बसवणार आहेत. धनश्री एनसीसीतली जुनी मुलगी म्हणून पाहुण्यांना जागा दाखवायला राहणार आहे. मी म्हटलं, आपल्याला नाही जायचं, केंद्र कोण सांभाळणार. ओमची आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मी जानार हाय."

लग्न झाल्यापासून ही एकटी बाजारालासुद्धा गेलेली मला आठवत नाही. आणि विमान आलं की हिची काय अवस्था होते ते मी रोज बघतो. तिथं काही झालं तर! म्हणून मलाच जावं लागणार. केंद्रावर आबासाहेब बसेल. तो दुधातलं फॅट बघण्यापेक्षा गप्पाच जास्त मारील, पण एक दिवस चालेल.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.

आज सगळं नीट लिहितो. 

ओमच्या आईनं उजाडायच्या आत स्वयंपाक उरकला. खीर, कढी, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी, आमटी, भात आणि उडदाचे वडे. ओम हे वडे दह्याबरोबर खायचा आणि दही संपलं की ओरडायचा. गच्चीवर पान ठेवायला बंदी, म्हणून मला वाटलं ती झाकून ठेवील आणि आल्यावर वाढील. तर तिनं नैवेद्याचं काढून डब्यात भरलं आणि डबा पिशवीत घातला. मी म्हटलं, आत नेऊ देणार नाहीत. ती म्हणाली, बघू.

धावपट्टीच्या फाटकावर जवानानं पिशवी उघडली. कपाळावर आठ्या घातल्या आणि हिंदीत काही तरी नियम सांगायला लागला. त्याच्या मागं उभा असलेला दुसरा पोरगा पुढं आला. ओंकार म्हणून, आपल्या सोनई गावचा निघाला. त्यानं पासावरचं ओमचं नाव वाचलं, डब्याकडं पाहिलं, आज काय आहे ते त्याला सांगावं लागलं नाही. आमच्या घरीपण आज हेच, एवढंच म्हणाला. पण तिथं डबा उघडायचा नाही, असं हिच्याकडून कबूल करून घेतलं आणि सोडलं.

मांडवात पहिल्याच रांगेत बसलो. आमच्यासारखे आणखी काही जण होते. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मागं मात्र नुसती जत्रा. पोरांच्या हातात झेंडे, फुगे, भेळवाले, ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. धनश्री गणवेशात लोकांना जागा दाखवत फिरत होती. एवढ्या गर्दीत तिच्या चालण्याकडं बघून मला पाठमोरा ओमच वाटला. मी मान फिरवली.

आधी छत्रीवाले उतरले. टाळ्या झाल्या. मग निवेदक म्हणाला, आता विमानं येतील. आणि काही आलं नाही. बराच वेळ नुसतीच गाणी लावली. मग त्यानं हसत हसत सांगितलं, धावपट्टीच्या टोकाला कावळे उतरलेत, ते उठल्याशिवाय विमानं उडणार नाहीत.

मागून कुणी तरी ओरडलं, "पित्तरं आली बगा शो बघायला." सगळा मांडव हसला. आमची रांग हसली नाही.

टोकाला फटाके वाजायला लागले. कावळ्यांचा काळा घोळका वर उठायचा, गोल फिरायचा आणि पुन्हा तिथंच बसायचा. पुन्हा फटाके, पुन्हा तेच.  एवढ्या मोठ्या सरकारची विमानं थांबलीत. कोण थांबवतंय हे मला दिसत होतं, दुसऱ्या कुणाला दिसो न दिसो. मी ओमच्या आईच्या कानाशी म्हणालो, "बघ. तो अडवतोय. मी काय सांगत हुतो? त्याला न्हाई पटत हे."

ती डबा मांडीवर घेऊन समोर बघत होती. म्हणाली, "अवो, त्या दिवशी तुमी एकटेच न्हाई बोललात."

मला कळलं नाही.

"घाटावर. तुमी मोठ्यानं बोललात, म्हनून समद्यांनी ऐकलं. मी बायकांत बसून मनातल्या मनात बोलले. म्हनलं, बाळा, धनूला तुझ्या वाटंनं जायचंय, तुलाच तिनं पयलं सांगितलं हुतं, मी तिला आडवनार न्हाई. आन् कावळा आला."

"कधी बोललीस? माझ्या आधी का मागनं?"

"तुमच्या संगंच."

दीड वर्ष ही बाई माझ्या शेजारी राहिली, माझा शब्द ऐकत राहिली आणि गप्प बसली. मी विचारलं, एवढे दिवस सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तुमाला त्याचा आधार हुता. बस, एवढंच. तिच्या बोलण्यात राग असता तर मी भांडलो असतो.

तेवढ्यात गाणी थांबली. कावळे कधी उठले ते मी पाहिलंच नाही. आणि आवाज आला. हेलिकॉप्टर. आधी ते लांब होतं, मग जवळ, मग आणखी जवळ. इथं दूध गार करायची खोली नव्हती. मांडवाचं कापड हलायला लागलं, धूळ उठली, आणि ते आमच्यासमोर हवेत थांबलं. दारात एक पोरगा बसला होता, पाय बाहेर सोडून, डोक्यावर शिरस्त्राण, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं. त्यानं मांडवाकडं बघून हात हलवला. सगळ्या गर्दीला हलवला असणार. मी खुर्चीचे दांडे धरून बसलो. माझ्या तोंडातून हाक निघाली की नाही, मला माहीत नाही. आवाजात कुणाला ऐकू आलं नसेल.

ओमची आई उभी राहिली. तिनं डोक्यावर पदर घेतला, रोज अंगणात घेते तसाच. तिच्या तोंडावर भीती नव्हती. मी इतके दिवस काय बघत होतो कोण जाणे. ते गेल्यावर विचारलं, पदर कशाला घेतेस? ती म्हणाली, "मोठं मानूस आलं की घेतेच की."

पोटचा पोर आहे तो तिचा. पण गेलेलं माणूस घरातल्या सगळ्यांपेक्षा मोठं होतं. पितर झाल्यावर मुलगाही थोरला. ती त्याच्या येण्याचा मान राखत होती आणि मला वाटत होतं, धसका बसलाय.

मग लाल-पांढरी विमानं आली, धुराचे पट्टे सोडून गेली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी बघितलं, पण काय बघितलं ते सांगता येणार नाही.

दुपारी भोंगा वाजला, आता पान ठेवायला हरकत नाही. सगळं गाव एकदम गच्च्यांवर चढलं. मीही डब्यातलं पानावर वाढून वर गेलो. ओमची आई आणि धनश्री जिन्याशी थांबल्या. धनश्री अजून गणवेशातच होती.

जिना चढताना मी शब्द जुळवत होतो. म्हटलं, कावळा येणार नाही. त्याला दोन शब्द मिळालेत, एक माझा आणि एक तिचा, तो तरी काय करील. मग मी मोठ्यानं म्हणेन, बाळा, माझा शब्द मोडतोय, रागावू नकोस. मग आला तर ठीक. नाही आला तर धनूला सांगता येईल, बघ, मी मोडायला तयार होतो, त्यालाच मान्य नाही. खोटं कशाला लिहू, वर चढताना मला वाटत होतं, नाही आला तर बरं.

पान ठेवलं. हात जोडले. तोंड उघडायच्या आत कावळा आला, वडा उचलला आणि कठड्यावर बसून खायला लागला. त्याच्या मागं दुसरा, मग तिसरा. शेजारच्या गच्चीवरही तेच. सकाळपासून उपाशी होते सगळे.

कुणी काही मागितलं नाही. मी तसाच हात जोडून उभा. आता सांगायला माझ्याकडं कुणाचंच तोंड उरलं नव्हतं.

खाली आलो. धनश्री माझ्याकडं बघत होती. मी पायरीवरच बसलो. म्हणालो, "धनू, ओम काय म्हनला न्हाई. कावळाबी न्हाई. मलाच भ्या वाटतंय."

ती शेजारी बसली. म्हणाली, "मलापण वाटतं, आप्पा."

 एवढी पहाटे उठून पळणारी, परीक्षा पास होणारी, आणि तिलाही भीती वाटते. मला वाटलं होतं हे फक्त माझ्याच वाट्याला आलंय. मग म्हणालो, जा. पुन्हा एकदा म्हणालो, जा.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. म्हशींना आज पान्हा फुटला.

सकाळी ओमच्या आईनं दोन उकडलेली अंडी माझ्यादेखत धनश्रीच्या ताटात ठेवली. मी मुंगसाबद्दल काही बोललो नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

नगरला स्टेशनवर तिला गाडीत बसवून आलो. ओमलाही इथूनच सोडलं होतं. तेव्हा मी पाण्याच्या बाटलीवरून त्याच्याशी हुज्जत घालत होतो आणि गाडी कधी हलली ते कळलंच नाही. आज बाटली आधीच घेऊन ठेवली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, मी धरला, गाडी चालायला लागली तसा सोडला. पाच दिवसांनी परत येणार आहे. मुलाखत आहे फक्त. निवड होईल न होईल. मी हे सगळं ओमच्या आईला परतीच्या वाटेवर सांगत होतो, ती म्हणाली, मला ठावं हाय.

दुपारी हेलिकॉप्टर आलं. शो संपला तरी एखादं जातं कधी कधी. मी गार खोलीकडं निघालो होतो, दारातून परत फिरलो. अंगणात ती पदर घेऊन उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन डोक्यावरची टोपी सरळ केली. आवाज जाईपर्यंत उभे राहिलो. छाती धडधडत होती. अजूनही धडधडतेय, रक्तदाबाचं औषध घेतलंय, पण ते रक्तदाबाचं नाही.

संध्याकाळी केंद्र उघडलं तर टाकीवर कावळा नव्हता. रविवारपासून दिसला नाही, आज लक्षात आलं. मागच्या बाजूला जाऊन बघितलं, लिंबावर बघितलं. दुसरे होते, तो नव्हता. सुटलो एकदाचा, असं म्हणायला पाहिजे. रांगेतले लोक किटल्या घेऊन खोळंबले होते. पितरांचे दिवस संपलेत, आता घास ठेवायचं काही कारण नाही. तरी भाकरीचा तुकडा टाकीखाली ठेवून आलो आणि दूध मोजायला बसलो. खिडकी उघडीच ठेवली.